अपाची सुरू होत नाही? आधी फायरवॉलला शिव्या देऊ नका

आजचा भाग जरा घाईत रेकॉर्ड केलाय. परवा रात्री अकराला एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, सकाळी दहाला प्रोजेक्टचा डेमो, आणि झॅम्पमध्ये अपाची सुरूच होईना. "दादा, फायरवॉल पूर्ण बंद केली, तरी तेच!"

थांब रे बाबा. हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि बहुतेक जण त्यांची खिचडी करतात. फायरवॉल मुख्यतः बाहेरून येणाऱ्याला दारात अडवते. अपाची क्षणभर हिरवं होऊन लगेच बंद पडत असेल, तर भांडण घराच्या आतलं आहे.

आणि ते बहुतेक वेळा पोर्टचं असतं. अपाचीला ८० आणि ४४३ हे दोन पोर्ट लागतात. एका पोर्टवर आधीच कोणी बसलं असेल, तर त्याला जागा मिळत नाही. झॅम्पच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'नेटस्टॅट' नावाचं बटण आहे, ते दाबा. कुठल्या पोर्टवर कोण बसलंय ते नावासकट दिसतं. आमच्या या मित्राकडे ८० समोर 'सिस्टिम' आणि पीआयडी ४ होता. हे दिसलं की टास्क मॅनेजरमधून मारायला जाऊ नका, तो विंडोजचाच भाग आहे. त्याच्या आडून बऱ्याचदा आयआयएस, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा वेब सर्व्हर, चालू असतो. यानेही दुसऱ्या विषयाच्या प्रॅक्टिकलसाठी तो चालू केला होता आणि विसरला होता!

आयआयएस बंद करता येतं, पण रात्री अकराला मी सांगेन, सरळ पोर्ट बदला. अपाचीच्या ओळीतलं 'कॉन्फिग' बटण, त्यात एचटीटीपीडी डॉट कॉन्फ फाइल. 'लिसन ८०' च्या जागी 'लिसन ८०८०' करा (फाइलमध्ये अर्थातच इंग्रजीत). सेव्ह करून स्टार्ट. ब्राउझरमध्ये आता लोकलहोस्ट, कोलन, ८०८० टाकायचं. कोलन विसरून "तरी चालत नाही" म्हणणारे मला आठवड्याला एक तरी भेटतात. ४४३ अडला असेल तर तोच बदल एचटीटीपीडी-एसएसएल डॉट कॉन्फमध्ये.

पोर्ट मोकळा असूनही सुरू होत नसेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये अपाचीच्या बिन फोल्डरमध्ये जाऊन 'एचटीटीपीडी -टी' चालवा. कॉन्फिगमध्ये कुठे चूक झालीय, ते ओळीच्या नंबरासकट सांगतं.

आता फायरवॉल. लॅपटॉपवर साइट दिसते, फोनवर दिसत नाही, तेव्हा तिचा नंबर. त्याआधी एक: फोनमध्ये 'लोकलहोस्ट' टाकलं तर तो स्वतःलाच शोधतो. लॅपटॉपवर 'आयपीकॉन्फिग' चालवा आणि १९२.१६८ ने सुरू होणारा आयपीव्ही४ पत्ता दिसला तर तो टाका.

अपाची पहिल्यांदा सुरू होताना विंडोज परवानगी विचारतं. घाईत 'कॅन्सल' दाबलंत ना? तिथेच गंमत होते. विंडोज नुसतं सोडून देत नाही, अपाचीसाठी ब्लॉक रूल तयार करून ठेवतं. नंतर तुम्ही कितीही परवानगीचे रूल घाला, साध्या रूल्समध्ये ब्लॉकच जिंकतो. म्हणून ॲडव्हान्स्ड फायरवॉलमध्ये 'इनबाउंड रूल्स' उघडा, अपाचीसमोर लाल खूण असेल तो रूल काढा, मग प्रायव्हेट नेटवर्कसाठी परवानगी द्या. घरचं वायफाय 'पब्लिक' म्हणून सेट असेल तर ते 'प्रायव्हेट' करा. होस्टेलच्या वायफायवर अख्खी फायरवॉल बंद करणं मात्र वेडेपणा आहे. तिथे शंभर अनोळखी डिव्हाइस असतात.

या पठ्ठ्याची फायरवॉल तर बंदच होती, तरी फोनवर साइट उघडेना. म्हणजे दोष तिचा नव्हताच. होस्टेलच्या वायफायवर अनेकदा एका डिव्हाइसला दुसऱ्याशी बोलूच देत नाहीत. त्याला म्हटलं, फोनचा हॉटस्पॉट चालू कर, लॅपटॉप त्याला जोड आणि आयपी पुन्हा बघ, कारण तो बदलतो.

पावणेदोनला मेसेज आला: "दादा, उघडलं!!" मी विचारलं, फायरवॉल परत चालू केलीस का?

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.