हालस्टाट : मिठाने पोसलेलं आणि जागेला महाग झालेलं गाव

1846 च्या नोव्हेंबरात हालस्टाटच्या मिठाच्या खाणीचा प्रमुख योहान गेओर्ग रामझाउअर खडीच्या शोधात होता. गावाच्या माथ्यावरच्या दरीत त्याची माणसं खणू लागली आणि खडीबरोबर मानवी सांगाडे हाती आले. दुसऱ्या एखाद्या अधिकाऱ्याने ते बाजूला टाकून खडी भरून नेली असती. रामझाउअरने हत्यारं खाली ठेवायला लावली. त्यानंतर 1863 पर्यंत, खाणीचा कारभार सांभाळून, त्याने 980 कबरी उकरल्या. कुठल्या कबरीत हाडं कशी पडली होती, ब्राँझची भांडी, तलवारी, अंबर मण्यांच्या माळा कुठे होत्या, हे सगळं टिपून घेतलं. इसिडोर एंगल या साहाय्यकाने त्या कबरींची जलरंगातली चित्रं काढली. छायाचित्रण नुकतंच रांगू लागलेल्या त्या काळात पुरातत्त्वाला इतकी चोख नोंद क्वचितच मिळाली असेल.

या कबरींचं महत्त्व इतकं ठरलं, की युरोपातल्या लोहयुगाच्या पूर्वार्धाला, म्हणजे साधारण इ.स.पू. 800 ते 450 या काळाला, अभ्यासक 'हालस्टाट संस्कृती' म्हणू लागले. जेमतेम साडेसातशे वस्तीचं गाव, आणि नाव अर्ध्या खंडाच्या इतिहासाला!

अप्पर ऑस्ट्रिया प्रांतातलं हे गाव डाखश्टाइन पर्वताच्या पायथ्याशी, हालस्टाट सरोवराच्या काठावर आहे. काठावर म्हणण्यापेक्षा डोंगर आणि पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत ते कसंबसं मावलं आहे. सरोवर सुमारे सव्वाशे मीटर खोल, आणि पाठीशी जवळजवळ उभा कडा. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत हे 'परीकथेतलं गाव' असतं. खरं पाहता ही एका उद्योगाची कामगार वस्ती आहे. कुणाही शहाण्या माणसाने एरवी इथे घर बांधलं नसतं. बांधलं ते मिठापायी.

हे मीठ आपल्या मिठागरांतलं नव्हे. ते डोंगराच्या पोटात, खडकाच्या थरांत आहे. आपल्याकडे सैंधव म्हणतात त्या जातीचं. इथे मिठासाठी माणूस सुमारे सात हजार वर्षांपासून धडपडतो आहे. 1838 मध्ये सापडलेली हरणाच्या शिंगाची कुदळ त्याची साक्ष देते. एरवी मातीत कुजून जाणारं लाकूड, कातडं, लोकर या डोंगरात मिठाने मुरवून ठेवलं. 2003 मध्ये खाणीत एक लाकडी जिना सापडला. झाडाच्या वाढीच्या वर्तुळांवरून त्याचा काळ इ.स.पू. 1344 च्या आसपासचा ठरला. आठ मीटर लांब, सव्वा मीटरभर रुंद. दोन्ही बाजूंच्या तुळयांच्या खाचांत पायऱ्या बसवलेल्या, आणि चढ बदलला तर पायऱ्यांचा कोनही बदलता येईल अशी सोय.

त्याच काळातली एक पाठपिशवी पाहण्यासारखी आहे. गाईच्या कातड्याची, लाकडी सांगाड्यावर ताणलेली. ती एकाच खांद्यावर अडकवायची आणि तोल सांभाळायला एका हाताने दांडा धरायचा. दांडा सोडला की पिशवी कलंडते आणि मीठ आपोआप खाली ओतलं जातं. ओझं उतरवायला वाकायला नको, खांद्यावरून काढायला नको. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी मजुराच्या कंबरेचा विचार केला होता. निदान खेपा वाढवण्याचा तरी.

खाणकामगारांची विष्ठासुद्धा मिठाने सोडली नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लोहयुगातल्या नमुन्यात बिअर आंबवणारं यीस्ट आणि ब्लू चीजमधली बुरशी आढळली. सुमारे 2,700 वर्षांपूर्वीचा कामगार जवसातूच्या जोडीला चीज आणि बिअरही घेत होता. रामझाउअरच्या श्रीमंत कबरींमधून जे कळत नाही, ते इथे कळतं.

1734 साली खाणीतल्या एका जुन्या पडझडीत मिठात घट्ट रुतलेला माणसाचा देह सापडला. तो फार पुरातन काळातला, म्हणजे ख्रिस्ती नसणार, असं गृहीत धरून त्याला दफनभूमीच्या अपवित्र कोपऱ्यात पुरलं गेलं. योगायोग असा, की त्याच वर्षी जिवंत माणसांचाही धर्म तपासला जात होता. सम्राट सहावा कार्ल याने या खोऱ्यांतल्या प्रोटेस्टंट कुटुंबांना घरदार सोडायला लावून ट्रान्सिल्व्हेनियात, आजच्या रुमानियात, धाडायला सुरुवात केली. खाणीला कुशल कामगार हवे होते आणि दरबाराला कॅथलिक. 1781 च्या सहिष्णुतेच्या फर्मानानंतरच लपून पंथ पाळणाऱ्यांना तोंड वर काढता आलं. सरोवराकाठचं टोकदार मनोऱ्याचं प्रोटेस्टंट चर्च तर 1863 मध्ये उभं राहिलं. आज जवळजवळ प्रत्येक छायाचित्रात मधोमध दिसतं ते हेच.

मीठ म्हणजे राजाचा पैसा, त्यामुळे राजाची नजरही कडक. ड्यूक आल्ब्रेख्टने 1284 मध्ये खाणीच्या रक्षणासाठी बुरूज बांधला आणि त्याला वडिलांचं नाव दिलं, रुडोल्फ्सटुर्म. पुढे तेच खाणप्रमुखांचं निवासस्थान झालं. रामझाउअरही तिथेच राहत असे. आल्ब्रेख्टची विधवा राणी एलिझाबेथ हिने 1311 मध्ये हालस्टाटला बाजारपेठेचा हक्क दिला. गाव आणि शहर यांच्या मधला हा दर्जा ऑस्ट्रियात आजही कायम आहे.

मीठ काढायची रीतही बदलत गेली. डोंगरात पाणी सोडायचं, खारं पाणी बाहेर आणायचं आणि कढयांखाली लाकूड जाळून ते आटवायचं. त्यात आसपासची जंगलं संपत चालली. मग लाकूड मिठाकडे आणण्याऐवजी मिठाचं पाणीच लाकडाकडे न्यायचं ठरलं. 1595 ते 1607 या काळात सुमारे 13,000 झाडांची खोडं पोखरून, एकमेकांना जोडून, एबेनझे या गावापर्यंत 40 किलोमीटरची नळवाट टाकली गेली. जगातली सर्वांत जुनी औद्योगिक पाइपलाइन म्हणून तिचा उल्लेख होतो. जुन्या मार्गाच्या कडेने आज पायवाट आहे. चालणाऱ्यांनी दृश्यांइतकंच त्या उताराकडेही लक्ष द्यावं. पंपाशिवाय, केवळ उतारावर पाणी वाहवत नेण्याचा हिशेब तिथे पायाखाली असतो.

1750 च्या आगीत मधली लाकडी वस्ती आणि मिठाची भट्टी जळाली. भट्टी शेजारच्या लान भागात गेली. बाजारचौकाभोवतीची आजची रंगीत घरं बहुतांशी आगीनंतरची आहेत. अंगण नाही म्हणून लोकांनी फळझाडं घरांच्या भिंतींवरच चढवली. पेअरच्या फांद्या खिडक्यांभोवती वेलीसारख्या पसरलेल्या दिसतात. कॉर्पस ख्रिस्तीच्या सणाची मिरवणूकही 1628 पासून सरोवरात, होड्यांतून निघते.

ही जागेची तंगी मेल्यावरही सुटत नाही. कॅथलिक चर्चचं आवार डोंगराला टेकलेलं, इवलंसं. चर्चमध्ये लेओनहार्ड आस्टलने सोळाव्या शतकाच्या आरंभी कोरलेली, पंखांसारखी उघडझाप होणारी भव्य लाकडी वेदी आहे. पण लोकांची पावलं आधी वळतात ती शेजारच्या अस्थिगृहाकडे. कबर काही वर्षांनी पुढच्यासाठी मोकळी करावी लागे. कवटी उन्हात सुकवून पांढरी केली जाई, मग तिच्यावर मृताचं नाव, मृत्यूचं साल आणि पानाफुलांची माळ रंगवून ती नातेवाइकांच्या कवट्यांशेजारी मांडली जाई. अशा 1,200 हून अधिक कवट्या तिथे आहेत आणि त्यातल्या 610 रंगवलेल्या. यात भीतिदायक काही शोधणाऱ्याची निराशा होईल. एखाद्या घराण्याची वंशावळ फळीवर मांडून ठेवावी, असाच तो प्रकार आहे. शेवटची कवटी 1995 मध्ये आली. 1983 साली वारलेल्या एका बाईंनी तशी इच्छा सांगून ठेवली होती.

बाहेरचं जग इथे उशिराच पोचलं. 1877 मध्ये रेल्वे आली, तीही समोरच्या काठावर. आजही स्थानकावर उतरून होडीनेच गावात यावं लागतं. काठाने रस्ता झाला 1890 मध्ये, आणि वाहनं गावाबाहेरून काढणारा बोगदा 1966 मध्ये.

1997 मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घेतला. 2006 च्या 'स्प्रिंग वॉल्ट्झ' या कोरियन मालिकेने आशियाई पर्यटक आणले. 2012 मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात एका खाण-उद्योगसमूहाच्या बांधकाम कंपनीने चर्च आणि चौकासकट अख्ख्या हालस्टाटची नक्कल उभारली. गावकरी आधी चिडले, पण उद्घाटनाला महापौर जातीने गेले. नक्कल पाहिलेल्यांना अस्सल पाहायची ओढ लागली, आणि हंगामात दिवसाला दहा हजारांपर्यंत माणसं येऊ लागली.

2020 पासून पर्यटक-बसना आधी वेळ नोंदवावी लागते. गर्दी किमान एक तृतीयांशाने घटावी, असं त्या वर्षी महापौरांनी बोलून दाखवलं, पण येणाऱ्याला अडवायचा मार्ग नाही, हेही मान्य केलं. 2023 च्या मे महिन्यात सेल्फीच्या ठिकाणी दृश्य झाकणारं लाकडी कुंपण उभं राहिलं. टीका होताच ते काढलं गेलं. ऑगस्टमध्ये रहिवाशांनी काही वेळ बोगदाच रोखून धरला. रोजच्या पर्यटकांवर मर्यादा घाला आणि संध्याकाळी पाचनंतर पर्यटक-बस आणू नका, अशा त्यांच्या मागण्या होत्या. खाण मात्र अजून चालू आहे, आणि तिचं खारं पाणी आजही नळातून एबेनझेलाच जातं.