वेग आणि सोय : एका निवडीची पन्नास वर्षे

मोटार विकत घेणाऱ्या मनुष्याच्या मनात दोन प्रश्न असतात. ही गाडी किती वेगाने धावेल, हा पहिला. आणि ती आपल्याला व आपल्या माणसांना किती सुखाने नेईल, हा दुसरा. सामान्य गाड्यांमध्ये या दोन प्रश्नांची उत्तरे फारशी एकमेकांच्या आड येत नाहीत. परंतु वेगासाठीच घडविलेल्या गाड्यांमध्ये एका बाजूला भर घातली की दुसरी बाजू घटते. जर्मनीतील स्टुटगार्ट येथील पोर्शे कंपनीने हा पेच न लपविता थेट ग्राहकापुढे मांडला. गाडी एक, इंजिन एक, पण रूपे दोन. कोणते घ्यायचे, ते घेणाऱ्याने ठरवावे. या निवडीचा इतिहास आता पन्नास वर्षांहून जुना झाला आहे आणि गाडी घेऊ इच्छिणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला त्यातून काही शिकता येण्याजोगे आहे.

पाचशे गाड्यांची चिंता

१९७२ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात ‘९११ कॅरेरा आरएस २.७’ ही गाडी लोकांसमोर आली. ‘आरएस’ ही अक्षरे शर्यतीचा खेळ अशा अर्थाच्या जर्मन शब्दाची होत. गाडीचा जन्मही शर्यतीच्याच गरजेतून झाला होता. ज्या गटात कंपनीला उतरायचे होते, त्याचा नियम असा की शर्यतीतील गाडीची किमान ५०० प्रतिरूपे सर्वसामान्य ग्राहकांसाठी तयार झाली पाहिजेत. इतक्या टोकाच्या पाचशे गाड्या घेणार कोण, अशी धास्ती कंपनीच्या विक्री विभागाला होती.

ती धास्ती निराधार ठरली. नोव्हेंबर संपता संपता पाचशेही गाड्यांना मालक मिळाले. पुढील वर्षी उत्पादन थांबले तेव्हा एकूण संख्या १५८० वर पोहोचली होती. या यशाची उकल गाडीच्या दोन रूपांत आहे. मूळ किंमत ३४,००० मार्क होती. ७०० मार्क अधिक मोजले की ‘स्पोर्ट’ हे हलके रूप मिळे. २,५०० मार्क अधिक मोजले की ‘टूरिंग’ हे सुखसोयींचे रूप मिळे.

हलक्या रूपातून काय काय वगळले होते, याची यादी उद्बोधक आहे. मागची आसने नाहीत, गालिचा नाही, घड्याळ नाही, कोट अडकविण्याची खुंटी नाही, दारावर हात टेकण्याची सोय नाही. पत्रा पातळ, काचही पातळ. पुढच्या झाकणावरील धातूचे बोधचिन्हसुद्धा काढून त्या जागी चिकटपट्टी लावलेली. इतके केल्यावर गाडीचे वजन ९६० किलो भरले. टूरिंगचे वजन १०७५ किलो होते. दोन्हींत २१० अश्वशक्तीचे तेच इंजिन. म्हणून हलकी गाडी ५.८ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठी, तर टूरिंगला ६.३ सेकंद लागत. कमाल वेग अनुक्रमे ताशी २४५ आणि २४० किलोमीटर होता.

म्हणजे ११५ किलोंच्या मोबदल्यात अर्धा सेकंद आणि ताशी पाच किलोमीटर! लोकांनी हा हिशेब कसा मांडला, हे आकडेच सांगतात. हलके रूप २०० जणांनी घेतले. टूरिंग १३०८ जणांनी. उरलेल्या बहुतेक गाड्या थेट शर्यतीसाठी होत्या. त्याच घराण्यातील शर्यतीच्या गाडीने १९७३ मध्ये अमेरिकेतील डेटोना येथील चोवीस तासांची शर्यत आणि सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ ही शर्यत जिंकली. परंतु या घराण्याचा संसार चालविला तो मात्र गालिचा, घड्याळ आणि मागची आसने मागणाऱ्या ग्राहकांनी.

ट्रॅकची गरज, रस्त्याची गरज

शर्यतीच्या ट्रॅकसाठी बांधलेली गाडी रस्त्यावर त्रासदायक का ठरते, हे समजून घेतले तर निवड सोपी होते. ट्रॅकचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. तेथे सस्पेन्शन जितके ताठ, तितकी वळणावर गाडी कमी झुकते आणि चारही टायर नीट टेकून राहतात. खडबडीत रस्त्यावर हाच गुण दोष होतो. ताठ सस्पेन्शन खड्डा गिळत नाही. चाक उसळते आणि उसळलेल्या चाकाला पकड नसते. म्हणून खराब रस्त्यावर मऊ बांधणीची गाडी केवळ सुखकर नव्हे, तर अनेकदा अधिक स्थिर आणि वेगवानही असते.

टायरचीही गोष्ट तशीच. ट्रॅकसाठीचे टायर तापल्यावर घट्ट पकड घेतात. परंतु त्यांवर खाचा कमी असल्याने पावसाचे पाणी बाजूला सारण्याची त्यांची शक्ती तोकडी असते. थंड, ओल्या सकाळी साधा चांगला टायर त्यांच्यापेक्षा अधिक भरवशाचा असतो.

हवेच्या दाबाचे गणित याहून बोलके आहे. पोर्शेच्या २०२२ मधील ‘९११ जीटी३ आरएस’ या गाडीवरील भव्य पंख ताशी २८५ किलोमीटर वेगाला शरीराच्या इतर भागांसह ८६० किलोंचा रेटा निर्माण करून गाडीला जमिनीवर दाबतात. ताशी २०० किलोमीटरला हा रेटा ४०९ किलो असतो. वेग निम्मा झाला की असा रेटा चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणजे ताशी १०० किलोमीटरला तो साधारण शंभर किलोंवर उतरतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागातही याहून अधिक वेगाची परवानगी नाही. याच गाडीत पुढच्या बाजूस मोठा रेडिएटर बसविल्यामुळे तेथील सामान ठेवण्याची जागा गेली आहे. रोजच्या प्रवासात पंखाचा उपयोग नाममात्र आणि बॅगेला मात्र जागा नाही, असा हा व्यवहार आहे.

अर्थात जेथे ही गाडी घडली, तेथे तिला अर्थ आहे. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगचा सुमारे वीस किलोमीटरचा जुना डोंगरी ट्रॅक ठरावीक वेळी तिकीट काढणाऱ्या कोणालाही खुला असतो. तेथे जाणाऱ्या महामार्गांच्या काही भागांत वेगमर्यादाही नाही. घरून निघावे, दिवसभर ट्रॅकवर फेऱ्या माराव्यात आणि त्याच गाडीने परतावे, असे जीवन तेथील काही हौशी लोक खरोखरच जगतात.

पंख नको म्हणणारे ग्राहक

नव्या काळात ही जुनी निवड पुन्हा समोर आली. २०१३ च्या ‘जीटी३’मध्ये कंपनीने हाताने बदलण्याचे गिअर काढून केवळ स्वयंचलित गिअर ठेवले, कारण घड्याळाच्या काट्यावर तेच सरस होते. अनेक जुन्या चाहत्यांना हे रुचले नाही. २०१६ मध्ये ‘९११ आर’ ही हातगिअरची, मोठा पंख नसलेली गाडी केवळ ९९१ या मर्यादित संख्येत निघाली आणि तिच्यासाठी झुंबड उडाली. वेग मोजणारे घड्याळ आणि चालविण्याचा आनंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कंपनीला त्यातून उमगले असावे. २०१७ मध्ये ‘जीटी३’चे टूरिंग रूप आले. इंजिन तेच, हातगिअर कायम. मागचा उंच पंख तेवढा नाहीसा झाला आणि त्याच्या जागी वेग वाढला की आपोआप वर येणारी छोटी पट्टी आली.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये याच्याही पुढचे पाऊल पडले. ५१० अश्वशक्तीच्या नव्या ‘जीटी३’ची दोन्ही रूपे एकाच वेळी सादर झाली आणि टूरिंगमध्ये प्रथमच मागची आसने मागविण्याची सोय देण्यात आली. १९७२ मध्ये ज्या आसनांना वजन म्हणून काढून टाकले होते, त्यांनाच अर्ध्या शतकानंतर जीटी३मध्ये मानाने जागा मिळाली. ज्यांना मुले आहेत, पण हौसही आहे, असे ग्राहक कंपनीने ओळखले होते.

आपल्या निवडीसाठी

या गाड्या घेणारे आपल्याकडे मोजकेच. पण हा पेच काही श्रीमंतांपुरता नाही. २०२१ मध्ये ‘ह्युंदाई आय-ट्वेंटी’चे ‘एन लाइन’ रूप भारतात आले. टर्बो इंजिन मूळ गाडीचेच, पण सस्पेन्शन अधिक ताठ, ब्रेक चारही चाकांना डिस्कचे आणि एक्झॉस्टचा आवाज भारदस्त. तेथेही प्रश्न तोच होता.

गाडीच्या बाजारात एक भ्रम पसरलेला आढळतो. जे रूप अधिक कठोर, तेच अधिक ‘खरे’ आणि दुसरे म्हणजे तडजोड. आज १९७३ ची हलकी गाडी लिलावात टूरिंगपेक्षा पुष्कळ महाग जाते, हे या भ्रमाला पुरावा म्हणून दाखविले जाते. परंतु ती किंमत मुख्यतः दुर्मिळतेची आहे. त्या काळी जे १३०८ जण टूरिंग घेऊन घरी गेले, त्यांनी आपली गरज ओळखली होती, म्हणून त्यांना उणे समजण्याचे कारण नाही.

निवड करताना काही गोष्टी कागदावर मांडाव्यात. वर्षातले किती किलोमीटर शहरात, किती घाटात आणि किती खरोखर ट्रॅकवर जाणार आहेत? आपल्या देशात ग्रेटर नोएडा येथील ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध ट्रॅक, चेन्नईजवळचा आणि कोइमतूरचा असे काही ट्रॅक आहेत. तेथे वर्षातून किती वेळा जाणे होईल? गाडीची चाचणी दुकानापुढच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता आपल्या गल्लीतील गतिरोधकावर, आपल्या इमारतीच्या उतारावर घ्यावी. त्या वेळी आई-वडील किंवा मुले शेजारी असावीत. चालविणाऱ्याच्या हाती सुकाणू असते, त्यामुळे त्याला हादरा कमी जाणवतो. शेजारी बसलेल्याला तो पूर्ण जाणवतो.

आणि ज्याला ट्रॅकची हौस मनापासून आहे, त्याने ती ट्रॅकवरच पुरवावी. हेल्मेट घालून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, समोरून वाहन येत नाही अशा ठिकाणी. त्यासाठी हलकी गाडी घेण्यात काहीही गैर नाही. मात्र ट्रॅकचा वेग सार्वजनिक रस्त्यावर आजमावू पाहणारा आपल्याबरोबर अनोळखी पादचाऱ्याचा आणि दुचाकीस्वाराचाही जीव पणाला लावतो. ज्याची ट्रॅकवर जाण्याची तयारी नाही, त्याने टूरिंगच्या मार्गाने जावे. त्यात इंजिन तेच असते आणि मागच्या आसनावर घरचे माणूसही बसू शकते.