बिरड्याचा रोजा

मागच्या पावसाळ्यात आमच्या जुईनगरच्या सोसायटीतल्या मावशी मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. "आज काय विशेष?" "अगं, बिरड्याचा रोजा आलाय." मी चाटच पडले! मैत्रिणींनो, मावशी बेने इस्रायली, म्हणजे आपल्या रायगडातल्या मराठी ज्यू. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा हा उपास, अन् नाव मात्र आपल्या बिरड्याचं.

त्यांचा वर्षारंभ म्हणजे 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताच्या दिवशी पूर्वी दारं लावून घरात बसायचे, म्हणून तो 'दारफळणीचा सण'. एके काळी हिब्रू विसरली, 'शमा' ही प्रार्थना तेवढी उरली. पण शनिवारी तेलाचा घाणा बंद म्हणजे बंद. लोक त्यांना 'शनवार तेली'च म्हणत. मला तर वाटतं, हे सण चुलीपाशीच टिकले.

यंदा मावशींना नवसाचा मलिदा करायचा होता. पोहे, गूळ, खोबरं, फळं अन् एलियाहू प्रेषिताचं स्मरण. पण प्रार्थनेला दहा पुरुष हवेत. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली, मावशींचा मुलगाही तिकडेच. पनवेलपर्यंत फोन फिरवले, आठ जण जमले.

"बायका धरत नाहीत का मोजणीत?" मी विचारलं.

मावशी नुसत्या हसल्या. नारळ माझ्या हातात देत म्हणाल्या, "खवून ठेव गं. येतील दोघं."