स्कॉटलंडचा प्रश्न : संमती, सार्वभौमत्व आणि सार्वमत

ब्रिटिश राज्यघटनेचा अभ्यास आपल्याकडे बहुधा वेस्टमिन्स्टरपाशी सुरू होतो आणि वेस्टमिन्स्टरपाशीच संपतो. पार्लमेंटचे सार्वभौमत्व, मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी आणि अलिखित संकेतांचे महत्त्व ही तीन प्रकरणे पुरी झाली की विद्यार्थ्यास विषय संपल्यासारखे वाटते. स्कॉटलंडचा उल्लेख आलाच तर तो ओझरता येतो. परंतु गेल्या अर्धशतकात ब्रिटिश राज्यव्यवस्थेची खरी परीक्षा ज्या प्रश्नांवर झाली, त्यांत स्कॉटलंडचा प्रश्न अग्रभागी आहे. हा प्रश्न एका वाक्यात असा मांडता येईल : जे ऐक्य संमतीवर उभे आहे असे उभय बाजूंचे पुढारी मान्य करतात, त्या ऐक्याविषयीची आपली संमती पुन्हा एकदा तपासून पाहण्याचा कायदेशीर मार्ग स्कॉटिश जनतेस उपलब्ध आहे काय? या प्रश्नाची उकल करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. ऐक्याचे स्वरूप

इ. स. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स हा इंग्लंडच्याही गादीवर आला आणि दोन राज्यांना एक राजा लाभला. तथापि पार्लमेंटे दोन होती, आणि शंभरांवर वर्षे ती तशीच राहिली. १ मे १७०७ रोजी ऐक्याचा करार अमलात आला तेव्हा त्यांचे विसर्जन होऊन ग्रेट ब्रिटनचे एक पार्लमेंट निर्माण झाले. मध्य अमेरिकेतील डेरियन येथे वसाहत स्थापण्याचा स्कॉटलंडचा प्रयत्न फसून देशातील पुष्कळ भांडवल बुडाले होते. करारान्वये स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंडांची भरपाई मिळाली, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. कॉमन्स सभेत स्कॉटलंडला ४५ जागा मिळाल्या.

परंतु स्कॉटलंड इंग्लंडमध्ये विरून गेला नाही. त्याचा स्वतंत्र कायदा, त्याची न्यायालये आणि त्याची प्रेस्बिटेरियन धर्मसंस्था ही सर्व अबाधित ठेवण्यात आली. शिक्षणव्यवस्थाही वेगळीच राहिली. हे ऐक्य संघराज्य नव्हते, आणि पूर्ण विलीनीकरणही नव्हते. राज्य एक, पण राष्ट्रे अनेक, अशी ही घडण होती. मॅक्‌कॉर्मिक विरुद्ध लॉर्ड ॲडव्होकेट या १९५३ च्या खटल्यात न्यायमूर्ती लॉर्ड कूपर यांनी, पार्लमेंटच्या अमर्याद सार्वभौमत्वाचे तत्त्व हे खास इंग्लिश तत्त्व असून स्कॉटिश घटनाविधीत त्यास आधार नाही, असे मत नोंदविले. अर्जदारांचा अर्ज फेटाळला गेला, पण हे मत मागे उरले आणि पुढील सर्व वादांत ते पुनःपुन्हा उद्धृत होत राहिले.

हे ऐक्य दोन शतकांहून अधिक काळ टिकले, त्यास साम्राज्य हे एक मोठे कारण होय. साम्राज्याने स्कॉटिश व्यापाऱ्यांना बाजारपेठ दिली आणि स्कॉटिश सुशिक्षितांना अधिकारपदे दिली. मुंबई इलाख्याच्या इतिहासाच्या अभ्यासकास हे वेगळे सांगावयास नको. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१८१९–२७) आणि त्यांच्यामागून आलेले सर जॉन माल्कम (१८२७–३०) हे दोन्ही गव्हर्नर मूळचे स्कॉटलंडचेच.

२. पक्षांचे बदलते बळ

साम्राज्य मावळले आणि त्याबरोबर ऐक्याचा एक आधार गेला. तरीही १९५५ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाच्या बाजूस स्कॉटलंडमध्ये निम्म्याहून किंचित अधिक मते पडली होती. याच पक्षास १९९७ मध्ये तेथे एकही जागा मिळाली नाही. या दोन आकड्यांच्या दरम्यान जे घडले ते समजावून घेतले म्हणजे स्कॉटलंडचे आधुनिक राजकारण समजते.

स्कॉटिश नॅशनल पार्टी १९३४ मध्ये स्थापन झाली. १९६७ साली हॅमिल्टनच्या पोटनिवडणुकीत विनी युइंग विजयी झाल्या, तोवर तिच्याकडे फारसे कोणी गंभीरपणे पाहिले नव्हते. त्यानंतर उत्तर समुद्रात खनिज तेल सापडले. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाच्या किमती चौपट झाल्या, आणि हे तेल स्कॉटलंडचे आहे या घोषणेस एकाएकी आर्थिक वजन प्राप्त झाले. ऑक्टोबर १९७४ च्या निवडणुकीत या पक्षास स्कॉटलंडमधील ३० टक्के मते आणि ११ जागा मिळाल्या. स्कॉटलंडच्या प्रश्नाची गती एडिंबरोइतकीच बाहेरच्या घडामोडींनीही ठरते, याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

३. एकोणऐंशीचे सार्वमत आणि त्यानंतर

मजूर सरकारने १९७८ मध्ये स्कॉटिश विधिमंडळाचा कायदा केला. मात्र त्यात अशी अट घातली गेली की, सार्वमतात केवळ बहुमत पुरेसे नाही. एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी ४० टक्के लोकांनी होकार दिला पाहिजे. १ मार्च १९७९ रोजी मतदान झाले. ५१.६ टक्के मते अनुकूल पडली, पण एकूण मतदारांशी त्यांचे प्रमाण ३२.९ टक्केच भरले. योजना बारगळली. त्याच महिन्यात कॅलॅहन सरकार अविश्वासाच्या ठरावावर ३११ विरुद्ध ३१० अशा एका मताने कोसळले आणि मे महिन्यात मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या.

पुढील अठरा वर्षे स्कॉटलंडने एका पक्षास निवडावे आणि राज्य दुसऱ्याने करावे, असा प्रकार चालला. १९८७ मध्ये हुजूर पक्षास तेथील ७२ पैकी अवघ्या १० जागा मिळाल्या. तरीही दरडोई आकारला जाणारा स्थानिक कर स्कॉटलंडवर १९८९ मध्ये, म्हणजे इंग्लंडच्या एक वर्ष आधी, लादला गेला. हा कर भरण्याचे असंख्य लोकांनी नाकारले. पण त्याहून दूरगामी परिणाम वैचारिक होता. १९८९ मध्ये भरलेल्या घटनात्मक परिषदेने, आपली राज्यपद्धती ठरविण्याचा सार्वभौम अधिकार स्कॉटिश जनतेचा आहे, असे जाहीर केले. लॉर्ड कूपर यांच्या मताने नाकारलेले सार्वभौमत्व या जाहीरनाम्याने जनतेच्या हाती दिले.

११ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के लोकांनी स्कॉटिश पार्लमेंटच्या बाजूने कौल दिला. १९९८ च्या कायद्याने ते निर्माण झाले आणि मे १९९९ मध्ये त्याची पहिली बैठक भरली. सदस्यसंख्या १२९ असून त्यांपैकी ७३ मतदारसंघांतून व ५६ प्रादेशिक याद्यांतून निवडले जातात. कोणत्याही एका पक्षास सहजी बहुमत मिळू नये अशीच या पद्धतीची घडण आहे.

४. दिलेली सत्ता आणि घटनादत्त सत्ता

येथे आपल्याकडील वाचकाने एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. भारतात घटकराज्यांची सत्ता संसदेने दिलेली नाही, ती संविधानाने दिलेली आहे. सातव्या परिशिष्टातील याद्यांत फेरफार करावयाचा तर संसदेच्या विशेष बहुमताखेरीज निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. स्कॉटलंडची सत्ता ही मात्र वेस्टमिन्स्टरच्या एका कायद्याने दिलेली सत्ता आहे. त्या कायद्यात राखीव विषयांची यादी असून परराष्ट्रव्यवहार, संरक्षण, चलन व राज्यघटना हे त्यांतील प्रमुख विषय होत. जे राखीव नाही ते एडिंबरोकडे, म्हणून आरोग्य, शिक्षण, न्यायव्यवस्था यांचा कारभार तेथून चालतो. परंतु स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा वेस्टमिन्स्टरचा अधिकार त्यामुळे बाधित होत नाही, असेही त्याच कायद्याच्या २८ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे.

व्यवहारात ही विसंगती एका संकेताने झाकली गेली. सोपविलेल्या विषयांवर वेस्टमिन्स्टरने स्कॉटिश पार्लमेंटच्या संमतीवाचून सामान्यतः कायदा करू नये, असा हा संकेत. २०१६ च्या कायद्यात तो शब्दांकित झाला. स्कॉटिश पार्लमेंट ही कायमची संस्था असून तेथील जनतेच्या सार्वमताखेरीज ती नष्ट केली जाणार नाही, असेही त्याच कायद्याने घोषित केले. परंतु जानेवारी २०१७ मध्ये मिलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हा संकेत राजकीय स्वरूपाचा आहे. न्यायालये त्याची अंमलबजावणी करू शकत नाहीत. ‘सामान्यतः’ या एका शब्दावर सारा डोलारा उभा आहे हे त्या दिवशी उघड झाले.

५. दोन सार्वमते

२०११ मध्ये नॅशनल पार्टीस १२९ पैकी ६९ जागा मिळाल्या. जे होऊ नये म्हणून निवडणूकपद्धती आखली होती तेच झाले. डेव्हिड कॅमेरन यांनी हा कौल मानला आणि १५ ऑक्टोबर २०१२ रोजी ॲलेक्स सॅमंड यांच्याशी एडिंबरो येथे करार केला. कायद्याच्या ३० व्या कलमान्वये सार्वमत घेण्याचा अधिकार तात्पुरता एडिंबरोकडे सोपविण्यात आला. १८ सप्टेंबर २०१४ रोजी ८४.६ टक्के मतदारांनी मतदान केले. सोळा व सतरा वर्षांच्या तरुणांनाही मताधिकार होता. स्वातंत्र्याच्या बाजूने ४४.७ व विरुद्ध ५५.३ टक्के मते पडली.

त्या प्रचारात ऐक्यवाद्यांचा एक प्रमुख मुद्दा असा होता की, स्वतंत्र झाल्यास स्कॉटलंड युरोपीय संघाबाहेर पडेल. दोन वर्षांनी २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने संघ सोडण्याचा कौल दिला. स्कॉटलंडमध्ये मात्र ६२ टक्के मते राहण्याच्या बाजूने पडली होती. ज्या भीतीने अनेकांनी ऐक्यास मत दिले, ती ऐक्यामुळेच खरी ठरली. २०२० चा माघारीचा कायदा स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड या तिन्ही विधिमंडळांनी संमती नाकारली असताही मंजूर झाला.

पण या घटनेस दुसरी बाजू आहे, आणि तटस्थ अभ्यासकाने ती दृष्टीआड करू नये. २०१४ मध्ये स्वतंत्र स्कॉटलंड आणि इंग्लंड हे दोघेही एकाच युरोपीय बाजारपेठेत राहतील असे गृहीत होते. आता स्कॉटलंड संघात गेला तर इंग्लंडशी असलेली त्याची सीमा ही युरोपीय संघाची बाह्य सीमा ठरेल. म्हणजे ज्या घटनेने स्वातंत्र्याची नैतिक बाजू बळकट केली, तिनेच त्याची व्यावहारिक किंमत वाढविली. संरक्षणाचेही असेच आहे. ब्रिटनच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचा तळ क्लाइड नदीच्या मुखापाशी फासलेन येथे आहे. हा तळ हलवावा ही नॅशनल पार्टीची मागणी, तर नाटोचे सदस्यत्व मान्य करण्याचे धोरण याच पक्षाने २०१२ मध्ये स्वीकारले. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केल्यापासून या दोन भूमिकांचा मेळ घालणे अधिकच अवघड झाले आहे.

६. न्यायालयाचा निर्णय

२०२१ च्या निवडणुकीत नॅशनल पार्टीस ६४ व हरित पक्षास ८ जागा मिळून स्वातंत्र्यवाद्यांचे बहुमत झाले. दुसऱ्या सार्वमताची परवानगी लंडनने यापूर्वीच नाकारली होती. तेव्हा स्कॉटिश पार्लमेंट स्वतःच्या अधिकारात केवळ सल्लादर्शक सार्वमत घेऊ शकते काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेण्यात आला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यायालयाने एकमताने नकारार्थी उत्तर दिले. सार्वमत सल्लादर्शक असले तरी त्याचा राजकीय परिणाम मोठा असतो, म्हणून त्याचा ऐक्याशी व पार्लमेंटच्या सार्वभौमत्वाशी असलेला संबंध दूरान्वयाचा म्हणता येत नाही, आणि हे दोन्ही विषय राखीव आहेत, अशी ही विचारसरणी होती.

स्वयंनिर्णयाच्या तत्त्वाचा आधारही टिकला नाही. क्वेबेकसंबंधी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिलेल्या अभिप्रायाचा दाखला देऊन न्यायालयाने म्हटले की, फुटून निघण्याचा आंतरराष्ट्रीय हक्क वसाहतींना, परकीय अंमलाखाली दडपलेल्यांना, किंवा शासनात ज्यांना वाव नाही अशा लोकांना लाभतो. स्कॉटलंड यांपैकी कशातही बसत नाही. परंतु कॅनडाचा तो अभिप्राय येथेच थांबला नव्हता. स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाल्यास उर्वरित देशावर वाटाघाटी करण्याचे घटनात्मक कर्तव्य येते, असेही त्यात सांगितले होते. या उत्तरार्धास ब्रिटनमध्ये प्रतिरूप नाही.

याहून बोलका दाखला ब्रिटनच्या घरातच आहे. १९९८ च्या उत्तर आयर्लंड कायद्यानुसार, तेथील बहुमत आयर्लंडशी एकीकरणास अनुकूल होण्याचा संभव दिसला तर मतदान घेणे मंत्र्यावर बंधनकारक आहे, आणि अशा दोन मतदानांत किमान सात वर्षांचे अंतर राखले पाहिजे. स्कॉटलंडसाठी अशी तरतूद नाही. स्वयंनिर्णयाचा स्कॉटलंडचा हक्क खुद्द थॅचरबाईंनी आपल्या आठवणींत मान्य केलेला आहे. हक्क मान्य, पण त्याची वाट कायद्यात आखलेली नाही, अशी ही स्थिती होय.

७. निष्कर्ष

२०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत स्कॉटलंडमधील ५७ जागांपैकी ३७ मजूर पक्षाने जिंकल्या आणि नॅशनल पार्टीस केवळ ९ मिळाल्या. त्यावरून प्रश्न मिटला असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पक्षाचा उत्कर्ष आणि प्रश्नाचे अस्तित्व या भिन्न गोष्टी आहेत. दीर्घकाळ सत्तेवर असलेल्या पक्षावरील नाराजी जितकी त्या निकालात होती, तितका ऐक्याविषयीचा नवा उत्साह त्यात होता असे दिसत नाही.

स्कॉटलंडविषयीच्या ताज्या बातमीचा अर्थ लावताना विद्यार्थ्याने तीन गोष्टी विचाराव्यात : हा विषय राखीव की सोपविलेला? वेस्टमिन्स्टरमधील बहुमत कोणाचे? आणि बाहेरच्या जगातील कोणती घटना या दोहोंवर दाब टाकीत आहे? १७०७ पूर्वीचा डेरियन, १९७३ चे तेल आणि २०१६ चा युरोपविषयक कौल यांपैकी एकही गोष्ट केवळ एडिंबरोत घडलेली नाही.

आपल्या संविधानाने घटकराज्यांची सत्ता सुरक्षित केली, पण फुटून निघण्याचा मार्ग मुळातच बंद ठेवला. ब्रिटनने याच्या उलट केले. सत्ता सुरक्षित केली नाही, पण ऐक्य ऐच्छिक आहे असे मात्र म्हटले. पहिल्या व्यवस्थेत वाद असला तरी संदिग्धता नाही. दुसऱ्या व्यवस्थेत सौजन्य आहे, आणि सौजन्याचा आधार एक संकेत एवढाच आहे. ऐक्याचा निर्णय कोणी करावयाचा हे ठाऊक असूनही तो केव्हा व कसा करावयाचा हे जोवर लिखित होत नाही, तोवर स्कॉटलंडमधील प्रत्येक निवडणूक अंशतः सार्वमतच राहणार. त्यात शाळा, रुग्णालये व रस्ते यांचा कारभार पाहणाऱ्या सरकारची खरी झडती मागे पडते, आणि या संदिग्धतेची किंमत सामान्य नागरिकास मोजावी लागते.