लाईट गेली तरी वाजणारा फोन

आमच्या होटगीत वळीव आला की आधी लाईट जाते, मग तास-दोन तासांत मोबाईलची रेंज. घरातला जुना लाल फोन मात्र अंधारातही खणखणायचा.

तांब्याच्या तारेवरच्या लँडलाईनला घरची वीज लागतच नाही. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असते. तिथून ४८ व्होल्ट डीसी त्याच दोन तारांतून घरी येतो. तोही उणे ४८! धन टोक जमिनीला जोडलेलं असतं, त्यामुळे ओलाव्यात तांबं कमी गंजतं. घंटीसाठी वेगळा, साधारण ७५ व्होल्टचा एसी. (तार जोडत असताना नेमका फोन आला, की बोटांना बरोबर कळतं. अनुभव आहे.)

रेल्वे फाटकावरचा मॅग्नेटो फोन त्याहून चिवट: हँडल फिरवलं की घंटीपुरती वीज तिथल्या तिथे तयार.

कॉर्डलेस फोनचा स्टँड मात्र घरच्या प्लगवर, म्हणून लाईटबरोबर तोही गप्प. फायबरचंही तेच, मोडेमला वीज हवीच. मोबाईल टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतो, पुढे डिझेल. जून २०२०च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी गावांत वीज नि रेंज दोन्ही गेली होती.

फायबर असेल तर मोडेमसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या; आधी अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा, बहुधा १२ असतात. आणि संकटात आपल्या सिमला रेंज नसली तरी ११२ हा आणीबाणीचा नंबर लावून बघा, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागू शकतो.