बेळगावच्या परसबागेत पीच : थंडीचा हिशेब आधी, रोप नंतर

चोर्ला घाट ओलांडून बेळगावच्या पठारावर पोहोचताच जाणवणारा गारवा गोमंतकीयांना नवा नाही. ‘गरिबांचे महाबळेश्वर’ अशी ओळख लाभलेल्या या शहरात घराभोवती थोडी मोकळी जागा असली, की थंड प्रदेशातील एखादे फळझाड लावून पाहण्याचा मोह होतो. पीचची रोपेही आता ऑनलाइन सहज मागवता येतात. मात्र माणसाला सुखावणारा गारवा आणि पीचला लागणारी थंडी या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद लक्षात न घेतल्यास तीन-चार वर्षांची निगा वाया जाते. झाड वाढते, पण फळ धरत नाही.

पीच म्हणजे हिंदीतील आडू, मराठीतील सप्ताळू. त्याचे मूळ चीनमध्ये. इराणमार्गे युरोपात पोहोचल्याने त्याच्या शास्त्रीय नावात ‘पर्सिका’ हा शब्द आला. हिवाळ्यात हे झाड पाने गाळून सुप्तावस्थेत जाते. ठरावीक काळ कडाक्याची थंडी सोसल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. ही थंडी ढोबळमानाने 7 अंश सेल्सिअसखालील तासांत मोजतात. हिमालयातील अनेक जातींना असे 600 ते 1,000 तास लागतात. ते न मिळाल्यास पालवी उशिरा व विस्कळीत येते, फुले थोडी लागून गळतात आणि फांद्या बोडक्या राहतात.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारणतः 13-14 अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी पुन्हा तिशीच्या आसपास जाते. निपाणीकडेही चित्र फारसे वेगळे नाही. म्हणजे 7 अंशांखालील तास येथे जवळजवळ मिळतच नाहीत. कमी थंडीवर येणाऱ्या ‘फ्लोरिडा प्रिन्स’ या जातीलाही सुमारे 150 तास लागतात. रोज सहा तास धरले, तर अशा 25 रात्री हव्यात. म्हणूनच बाजारातील हिमाचली पीच खाऊन त्याची कोय रुजवणे येथे व्यर्थ ठरते. पंजाबच्या मैदानी भागात रुळलेल्या ‘फ्लोरिडा प्रिन्स’ किंवा ‘शान-ए-पंजाब’ यांसारख्या जातींचेच कलम घ्यावे. त्यातही ज्या जातीला थंडी सर्वांत कमी लागते, तिला प्राधान्य द्यावे. जातीचे नाव सांगू न शकणाऱ्या विक्रेत्याकडून रोप घेऊ नये.

थंडीची उणीव काही अंशी ताण देऊन भरून काढता येते. ही कल्पना आपल्या शेतकऱ्यांना परकी नाही. डाळिंब व पेरूचा बहार धरताना पाणी तोडले जाते. सांगली परिसरातील द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून रसायन लावतात. इंडोनेशियात जावा बेटावरील बातू परिसरात तर सफरचंदाची पाने हातांनी खुडून झाडाला नव्याने फुलवले जाते. हेच तत्त्व परसबागेतील पीचला लावून पाहता येईल. पावसाळा सरल्यावर नोव्हेंबरपासून पाणी हळूहळू कमी करावे, डिसेंबरच्या पूर्वार्धात उरलेली पाने खुडावीत, हलकी छाटणी करावी आणि मग कुजलेले शेणखत घालून पाणी सुरू करावे. द्राक्षासाठीचे रसायन विषारी असल्याने ते घरगुती बागेत वापरू नये. लवकर पिकणाऱ्या जातींना फुलांपासून फळापर्यंत अडीच-तीन महिने लागतात. त्यामुळे मृगाचा पाऊस येण्यापूर्वी फळे हाती येऊ शकतात.

जमिनीचा विचारही तितकाच महत्त्वाचा. पीचला पाणी साचलेले मुळीच सोसत नाही. बेळगाव-खानापूरकडील तांबड्या जमिनीत निचरा बरा होतो. तरीही पाऊस मोठा असल्याने रोप दीड-दोन फूट उंचवट्यावर लावावे. निपाणी-चिकोडीकडील काळ्या जमिनीत पाणी दीर्घकाळ मुरून राहते आणि मुळे कुजतात. तेथे उंचवट्यासोबत पाण्याला वाट करून देणारा चर हवाच. कलमाचा सांधा मातीच्या वर राहील आणि झाडाला दिवसभर ऊन मिळेल, याची काळजी घ्यावी.

पीचचे फळ मागील हंगामातील कोवळ्या फांद्यांवर येते. त्यामुळे आंब्याप्रमाणे झाड मोकळे सोडून चालत नाही. दरवर्षी छाटणी करून तीन-चार मुख्य फांद्या ठेवाव्यात आणि मध्यभाग उजेडासाठी मोकळा राखावा. बहुतेक जाती स्वपरागित असल्याने एकच झाड पुरते. फळे सुपारीएवढी होण्यापूर्वीच विरळणी करून दोन फळांत वीतभर अंतर ठेवावे, अन्यथा ती लहान राहतात. एप्रिल-मे हा फळमाशीचाही काळ. मिथाईल युजेनॉलचा सापळा टांगावा, फळांना कागदी पिशव्या बांधाव्यात आणि गळलेली फळे उचलून नष्ट करावीत. कोयीतील गरात सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. मुलांना तो खाऊ देऊ नये.

एवढे करूनही दरवर्षी भरघोस फळ येईलच, असे नाही. ज्यांच्याकडे एकाच झाडापुरती जागा आहे, त्यांनी पेरू, चिकू किंवा अंजीर निवडणे अधिक शहाणपणाचे. अंजीरही ऊब मानवणारे असून छाटणीला उत्तम प्रतिसाद देते. गोव्याच्या किनारपट्टीवर तर पीचचा विचारच करू नये. तेथे रात्रीही पुरेसा गारवा नसतो. मात्र बेळगाव परिसरात दुसऱ्या झाडाची जागा असेल आणि प्रयोगाची हौस असेल, तर अरभावी येथील उद्यानविद्या महाविद्यालयाचा सल्ला घेऊन एक कलम जरूर लावावे. फळ थोडे आले, तरी आपल्या हवेची खरी मोजदाद ते झाड करून देईल.