शुश्रूषा आणि प्रेमकथा : जेन ऑस्टिनच्या घरातून

जेन ऑस्टिन बैठकीच्या खोलीत लहान लहान कागदांवर लिहीत असे आणि दार करकरले की कागद झाकून टाकत असे, ही गोष्ट इंग्रजी साहित्याच्या प्रत्येक वर्गात सांगितली जाते. ती तिच्या भाच्याने लिहिलेल्या चरित्रातून आली. चरित्र निघाले तेव्हा जेनला जाऊन पन्नासहून अधिक वर्षे झाली होती. गोष्ट गोड आहे. पण घरात आजारी माणूस असलेल्या लेखिकेला ती ऐकवली की अर्थ असा निघतो : सेवा करता करता उरलेल्या फटीत कादंबरी मावतेच, तुमची मावत नसेल तर उणीव तुमच्यात आहे. मला हा अर्थ मान्य नाही, आणि जेनचे आयुष्यही त्याला दुजोरा देत नाही.

1801 मध्ये वडील निवृत्त झाले आणि कुटुंब बाथला गेले. 1805 मध्ये वडील वारले. त्यानंतर आई आणि दोन अविवाहित बहिणी कधी भाड्याच्या घरात, कधी भावाकडे राहिल्या. या काळात ‘द वॉटसन्स’ ही कादंबरी सुरू झाली (तिच्यातही घरात एक आजारी वडील आहेत) आणि अर्ध्यातच सुटली. नवी कादंबरी एकही पूर्ण झाली नाही. 1809 च्या जुलैत एडवर्ड या भावाने चॉटनला घर दिले. तिथे आई, बहीण कॅसांड्रा, मैत्रीण मार्था लॉइड आणि जेन अशा चौघी होत्या. सकाळची न्याहारी आणि चहा-साखरेच्या किल्ल्या एवढेच काम जेनकडे होते. बाकीचा घरगाडा मुख्यतः कॅसांड्रा आणि मार्था ओढत. मग 1811 ते 1815 या काळात चार कादंबऱ्या छापून निघाल्या. कॅसांड्रा गावाला गेली आणि सगळे अंगावर पडले, तेव्हाचे 1816 चे पत्र उपलब्ध आहे. डोक्यात मटणाचे तुकडे आणि रेवंदचिनीचे डोस भरलेले असताना रचना अशक्य वाटते, असे जेनने त्यात बहिणीला कळवले आहे. करकरत्या दारापेक्षा हे पत्र आमच्या विद्यार्थिनींनी वाचावे.

तरीही शुश्रूषा तिच्या लेखनाबाहेर राहिली नाही. 1815 च्या ऑक्टोबरात ‘एमा’च्या छपाईसाठी ती लंडनला हेन्री या भावाकडे गेली आणि तो गंभीर आजारी पडला. प्रकाशक मरे यांच्याशी व्यवहार तोच पाहत असे. तीन कादंबऱ्यांच्या हक्कांसाठी देऊ केलेले 450 पौंड कमी आहेत, हे उत्तर त्याने अंथरुणावरून सांगून लिहून घेतले. पुढे जेननेच प्रकाशकाला पत्र लिहून भेटीस बोलावले. भावाचे औषधपाणी आणि पुस्तकाची मुद्रिते ही दोन्ही कामे एकाच घरात चालली होती.

‘एमा’ हीच मुळात शुश्रूषेची प्रेमकथा आहे. वुडहाउस हे वडील पेज पिणारे, वाऱ्याच्या झुळुकीला भिणारे, कुणाचेही लग्न ठरले की खचणारे. ते असेपर्यंत त्यांना सोडून जायचे नाही, असे एमाचे ठरलेले. आपल्याकडच्या बऱ्याच प्रेमकथांत ही अडचण सोयीने काढून टाकतात. नायिकेचे आईवडील पहिल्या प्रकरणाआधीच स्वर्गवासी झालेले असतात. ऑस्टिन वडिलांना जिवंत ठेवते आणि नाइटलीला आपले मोठे घर सोडून सासऱ्याच्या घरी राहायला लावते. घरजावई म्हटले की आपण नाक मुरडतो. इथे तीच नायकाची कसोटी आहे. वडिलांचा होकारही कसा मिळतो? शेजारच्या खुराड्यातून टर्की चोरीला जातात, आणि घरात एक धडधाकट पुरुष असावा असे त्यांना वाटू लागते. आजाऱ्याच्या स्वभावातूनच कथानकाची गाठ सुटते.

‘पर्सुएजन’मधला प्रसंग याहून सूक्ष्म आहे. हासळीचे हाड निखळलेल्या भाच्याजवळ अ‍ॅन गुडघे टेकून बसली आहे आणि धाकटा दोन वर्षांचा पोर तिच्या पाठीला चिकटला आहे. हात गुंतलेले, पोर ऐकत नाही. एकाएकी कुणीतरी त्याला उचलते : तो वेंटवर्थ, आठ वर्षांपूर्वी तिने नाकारलेला. तो बोलत नाही, तिला आभार मानायलाही शब्द सुचत नाहीत. प्रेमाचा उच्चार कुठेच नाही, पण थकलेल्या पाठीवरचे ओझे कमी होणे म्हणजे काय, हे शुश्रूषा केलेल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. ही कादंबरी 1815 च्या ऑगस्टपासून वर्षभर लिहिली गेली. हेन्रीचे आजारपण त्याच काळातले. त्यावरून थेट नाते जोडायचा मोह मात्र मी टाळते.

लिहू पाहणाऱ्यांना मी दोन कामे वेगळी करायला सांगते. आजाऱ्याच्या उशाशी संवाद टिपता येतो, कालचे पान तपासता येते, माणसे पाहता येतात. कथानकाची मांडणी आणि शेवट यांना मात्र सलग वेळ लागतो. तो घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तरी मागून घ्यावा लागतो, आणि मागताना संकोच करू नये. ‘पर्सुएजन’चा शेवट ऑस्टिनने एकदा लिहून पुन्हा बदलला, रद्द केलेली प्रकरणे तिच्या हस्ताक्षरात टिकून आहेत. मार्थाची पाककृती आणि घरगुती औषधांची वहीही टिकली आहे, आणि त्या हस्तलिखिताशेजारी ठेवून ती वाचण्याजोगी आहे.